एकट्याने गायचे तर कार्यक्रम बांधायला शिकावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकट्या गायक-गायिकेचे तिकीट लावून होणारे कार्यक्रम नाशिकमध्ये वाढले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. खंत एवढीच, की त्यातल्या बऱ्याच कार्यक्रमांतून घरी जाताना लोकांना गाणी आठवतात, गाणारा आठवत नाही. पंचवीस-तीस गाणी, सगळी मूळ गायकाच्या पट्टीत, म्हणजे त्याच्याच सुराच्या उंचीवर, मागे ध्वनिमुद्रित साथीचा ट्रॅक, मध्ये निवेदक आणि तीन तासांचा वेळ. गळा चांगला असतो, रियाझही असतो. बांधणी नसते. आमच्यापैकी एक जण गाणे शिकवतो, दुसरा पेटीची साथ करतो. या कामात जे पक्के कळले आहे, ते तयारीत असलेल्या गायकांच्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

परदेशात कॅबरे या नावाने चालणाऱ्या एकल कार्यक्रमाकडून यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. रोदोल्फ सालीस याने १८८१ साली पॅरिसच्या मोंमार्त्र भागात ‘ल शा न्वार’ सुरू केले, तिथून ही परंपरा सांगतात. आज न्यूयॉर्कमध्ये तिचे रूप साधारण ठरून गेले आहे. लहान खोली, एक गायक, एक पियानोवादक आणि तास-सव्वा तासाचा वेळ. निवेदक नाही, जे बोलायचे ते गाणाऱ्यानेच. शिवाय बरेचदा एक दिग्दर्शक असतो, आणि गाणी गाळायला लावणे हे त्याचे मोठे काम. आपली बैठक याला फार जवळची आहे. पेटी, तबला आणि समोर साठ-सत्तर माणसे एवढ्यावर असा कार्यक्रम उभा राहतो. त्यासाठी पहिल्याच वेळी कालिदास कलामंदिरासारखे मोठे सभागृह घेण्याचे कारण नाही. लहान सभागृहात बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, चेहरा दिसतो, आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून गळा आवळत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पट्टीत. मूळ गाणे काळी पाचमध्ये (म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून) आहे आणि आपल्याला काळी चारमध्ये सुखाने येते, तर आपल्यासाठी काळी चारच खरी. रियाझाच्या सुरुवातीला, ताज्या गळ्याने पट्टी ठरवू नये. चाळीस मिनिटे गाऊन झाल्यावर त्या गाण्यातला सर्वांत वरचा सूर असलेली ओळ सलग तीनदा म्हणावी. हनुवटी वर गेली, खांदे उचलले गेले किंवा तिसऱ्या वेळी सूर उतरला, तर अर्धा सूर खाली यावे आणि पुन्हा तपासावे. खालची बाजू माइक थोडीफार सांभाळून घेतो, वरची नाही. ट्रॅकवर गाणाऱ्यांची अडचण इथेच सुरू होते. ॲपमधून ट्रॅक दीड-दोन सूर खाली ओढला की बासरी बासरीसारखी वाजत नाही, म्हणून ते मूळ पट्टीला चिकटून बसतात. आणि ट्रॅक श्वासासाठी थांबत नाही, ही गोष्ट वेगळीच.

प्रत्येक गाण्याला सोयीची पट्टी घेतली की तबलजीची पंचाईत होते, याचा विचार कोणी करत नाही. प्रत्येक गाण्याला तबला उतरवत-चढवत बसले तर दर वेळी दोन-तीन मिनिटे जातात आणि रंगलेला कार्यक्रम थंडावतो. उपाय आहे. काळी एकला लावलेला तबला काळी एकच्या गाण्यात षड्ज (सा) देतो, काळी तीनच्या गाण्यात तोच पंचम (प) होतो आणि काळी चारच्या गाण्यात मध्यम (म). मध्यम ठळक असलेले गाणे असेल तर काळी चारला तो छान मिसळतो. पंचमावर उभ्या असलेल्या गाण्याला मात्र खुपतो. गाण्यांचे असे गट पाडले तर दोन, फार तर तीन तबल्यांत सगळा कार्यक्रम होतो. हे तबलजीबरोबर पहिल्याच भेटीत कागदावर ठरवावे.

कागद म्हणजे प्रत्येक गाण्याचे एक पान, गाणाऱ्याला आणि दोन्ही साथीदारांना एकेक प्रत. त्यावर पट्टी, ताल, मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्रावर मोजलेली लय, सुरुवातीचा तुकडा किती आवर्तनांचा, मुखडा कुठे किती वेळा, दोन अंतऱ्यांमध्ये काय वाजणार आणि शेवट तिहाईने (एकच तुकडा तीनदा घेऊन) की लय ठाय, म्हणजे संथ, करत. ‘बघू तेव्हा’ असे जिथे राहते, नेमके तिथेच कार्यक्रमात सगळे एकमेकांकडे बघतात. पहिल्या दोन तालमी फक्त पेटीबरोबर, पुढच्या दोन तबल्यासह, मग बोलण्यासकट सलग दोन. शेवटची तालीम त्याच कपड्यांत आणि माइकवर. साथीदारांना तालमींचे मानधन द्यावे. फुकट तालमी मागितल्या की तालमी होतच नाहीत.

गाणी किती? बारा. साडेचार मिनिटे धरली तर चोपन्न मिनिटे, बोलणे तेरा-चौदा, टाळ्या आणि बैठक सावरणे सात-आठ. सव्वा तास झाला. आधी तीसची यादी करावी आणि प्रत्येक गाण्यापुढे ते आपण का गातो आहोत, हे एका वाक्यात लिहावे. ‘लोकांना आवडते’ एवढेच सुचत असेल तर ते गाणे गळाले. ज्यात मूळ गायकाची नक्कल टाळताच येत नाही, तेही जाऊ द्यावे.

क्रमाचे आमचे ठोकताळे असे. पहिले गाणे न बोलता सुरू करावे, मध्य सप्तकात फिरणारे, मध्यलयीचे. सगळ्यात अवघड गाणे पहिले कधीच नको; त्या वेळी गळा तापलेला नसतो आणि माइकचा अंदाजही आलेला नसतो. ते सातवे-आठवे ठेवावे आणि त्याच्यानंतर सोपे, खालच्या सुरातले. भावगीते निवडताना केरवा आणि दादरा या तालांचीच रांग लागते. सलग तीन दादरे आले की तिसऱ्याला सभागृहात खोकले ऐकू येतात. मधे एखादे रूपक तालातले घालावे किंवा फक्त पेटीवरचे, बिनतालाचे. यमन रागातले गाणे एकापाठोपाठ दोनदा नको. शेवटी भैरवी, आणि ‘वन्स मोअर’ आलाच तर त्याच पट्टीतले छोटे गाणे हाताशी असावे, म्हणजे तबला हलवावा लागत नाही.

आता बोलणे. हा भाग सर्वांत दुबळा राहतो, कारण त्याची तालीम होत नाही. संगीतकार कोण, वर्ष कोणते, पुरस्कार किती, हे समोरच्याच्या मोबाइलमध्ये आहे. गाण्यातले माणूस कुठे उभे आहे आणि त्याला काय हवे आहे, एवढे सांगावे. समजा, पावसातल्या ताटातुटीचे गाणे आहे. गोदावरीचा पूर नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, त्याचा आधार घ्यावा. ‘धरणातून पाणी सोडले की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले, हे आपण आधी विचारतो. हिला ते विचारायला कोणी नाही. ही पलीकडच्या काठावर आहे.’ इतके पुरे. नाशिकचा प्रेक्षक रामकुंडाजवळ पोचलेला असतो. आठ-दहा वाक्ये, एक ते दीड मिनिट. आधी लिहावे, मग मोठ्याने म्हणून पुस्तकी शब्द काढावेत, मग पाठ करावे. शेवटचे वाक्य पक्के ठेवावे, कारण त्याच्या शेवटच्या शब्दावर पेटी सुरू व्हायची असते. दम लागणाऱ्या गाण्यानंतर लगेच बोलू नये. पेटीवाल्याने वीसेक सेकंद वाजवावे. चार गाण्यांपुढे काहीच बोलू नये, हे उत्तम.

शब्द पाठच हवेत. समोर टॅब ठेवला की नजर तिथेच अडकते. विसर बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या अंतऱ्याच्या पहिल्या शब्दावर पडतो, कारण चाल एकच असते आणि सूर पुढचा शब्द सुचवत नाही. म्हणून कविता चालीशिवाय गद्यात म्हणावी आणि आधीच्या कडव्यातल्या शेवटच्या चित्राची पुढच्या पहिल्या शब्दाशी गाठ मारावी.

माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर, वरच्या सुरांना वीतभर. जाळी मुठीत धरली की शिट्टी वाजते. प, फ, भ थेट जाळीवर फुटतात, म्हणून माइक किंचित तिरका धरावा. गाण्यातला घुमारा बोलताना तसाच राहिला तर एक शब्द धड कळत नाही. ध्वनी सांभाळणाऱ्याला क्रमाचा कागद द्यावा आणि बोलताना घुमारा बंद करायला सांगावे. सभागृह वातानुकूलित असेल तर तबला आणि तानपुरा तासभर आधी आत आणून ठेवावेत, नाहीतर पहिल्या दोन गाण्यांतच उतरतात किंवा चढतात.

गळ्याबद्दल थोडे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची पहाट कडाक्याची आणि कोरडी असते. अंथरुणातून उठून थेट तार सप्तकात जाऊ नये. आधी ओंकार, खर्ज, ओठांचा फुर्र किंवा पाण्यात बुडवलेल्या नळीतून सूर धरणे, पंधरा-वीस मिनिटे. स्टेजवर घेतलेला पाण्याचा घोट स्वरतंतूंपर्यंत जात नाही, तो अन्ननलिकेत जातो. त्या दिवशी सकाळपासूनच पाणी पीत राहावे. खाकरू नये, आवंढा गिळावा. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या घेऊन गाऊ नये, कारण दुखणे कळत नाही आणि इजा वाढते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर काढे घेत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तिकीट लावणार असाल तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना लागतो, तो वेळेत काढावा; ट्रॅक वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा परवाना वेगळा.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधाराश्रम उभारला. त्यांच्या या गावात परीक्षेची तयारी मन लावून करून घेणारे वर्ग पुष्कळ आहेत. गुरुपौर्णिमेला मात्र प्रत्येकाला एकच गाणे, पाच मिनिटे मिळतात. सलग गाण्याची, स्वतः बोलण्याची, एका पट्टीतून दुसरीत जाण्याची सवय लागणार कुठे? वर्गचालकांना आमची विनंती आहे, की मध्यमा परीक्षेच्या पुढे गेलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना दर वर्षी वीस-वीस मिनिटे द्यावीत. चार गाणी, स्वतःचे बोलणे, प्रत्यक्ष पेटी-तबला आणि क्रमाचा कागद त्यांनीच केलेला. सभागृह चालवणाऱ्या संस्थांनीही लहान कार्यक्रमाला ध्वनीच्या चाचणीसाठी दीड तास आधी दार उघडून द्यावे. सध्या अनेकदा प्रेक्षक आत येत असतानाच माइक तपासावा लागतो.

आपले,
गायनशिक्षक आणि पेटीवादक
गंगापूर रोड, नाशिक