जाडी बघून स्वेटर घेऊ नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तिबेटी लोकांचे स्टॉल लागले की दोघांसाठी एकेक चांगला जाड स्वेटर आणायचा, असं तुमचं ठरलंय. त्याआधी हे पत्र वाचा. नाशिकची थंडी दिवसभर सारखी नसते. पहाटे पारा ८-१० अंशांवर आणि दुपारी २८ पर्यंत. त्यात बाबा पहाटे भरभर चालणार, आई ओट्याशी उभी राहणार आणि रात्री दोघं तासन्‌तास बसून असणार. या तिन्ही वेळांना एकच स्वेटर चालत नाही.

बाबा, फिरायला जाड स्वेटर नकोच. दहा मिनिटांत घाम येतो, आतला सुती बनियन ओला होतो आणि पारावर टेकलात की तोच ओलावा अंग गार करतो. बारीक लोकरीचा पातळ स्वेटर घ्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषते, तरी अंगाला ओली लागत नाही. अ‍ॅक्रिलिक, म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा, जवळपास काहीच शोषत नाही. पण लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो, म्हणून वरून पातळ विंडचीटर हवाच. मोबाइल त्याच्या खिशात ठेवा. स्वेटरच्या खिशात ठेवला तर वजनाने वीण ओघळते. रंग करडा किंवा काळा घेऊ नका, पहाटेच्या अंधारात गाडीवाल्याला दिसत नाही. खांदा आखडलेला असताना डोक्यातून घालायचा स्वेटर म्हणजे रोजची ओढाताण, तेव्हा पुढून उघडणाराच बघा.

आई, तुझ्यासाठी मला सगळ्यात जास्त काळजी गॅसची वाटते. अ‍ॅक्रिलिक पेटलं की वितळतं आणि ते कातडीला चिकटतं. सुती शालही चटकन पेट घेते, शिवाय तिचं टोक लोंबत असतं. लोकर मात्र सहज पेटत नाही आणि वितळत नाही. म्हणून ओट्याशी उभं राहताना शुद्ध लोकरीचा, बिनबाह्यांचा, अंगासरशी स्वेटर घाल आणि पदर खोचून घे. लांबी कमरेच्या जरा खाली पुरे; त्याहून लांब असला तर निऱ्यांवर गोळा होतो. बोटांचे सांधे दुखतात, तर बटणं रुपयाच्या नाण्याएवढी तरी असावीत आणि काजं सैल.

रात्री बसून राहण्यासाठी मात्र जाड अ‍ॅक्रिलिक खुशाल घ्या. स्टॉलवरचा बहुतेक माल लुधियानाचा आणि अ‍ॅक्रिलिकचाच असतो. तो स्वस्त, हलका, धुवायला सोपा. वर्षभरात काखेत आणि कोपरावर गोळे येतील, तेवढं धरून चाला.

विकणारा सगळ्यालाच ‘वुलन’ म्हणतो, त्यामुळे आतली पट्टी वाचा. वूलमार्कची खूण आणि ‘१०० टक्के लोकर’ असं लिहिलेलं असेल तर शुद्ध. पट्टी नसेल तर शिवणीतला सुटा धागा घरी आणून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. टोचते का ते तळहाताने कळत नाही, तिथली कातडी जाड असते. स्वेटर मानेवर घासून बघा. २० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तंतूची मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर, टोचत नाही, ३० च्या पुढची टोचते. मनगटाची पट्टी दोन बोटांनी ताणून सोडा. लगेच जागेवर आली नाही तर तो स्वेटर महिन्याभरात सैल होणार.

लोकर मशिनमध्ये टाकू नका. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घुसळणं यांनी ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो. एकदा आटला की तो पूर्ववत होत नाही. नेहमीची पावडरही नको. डाग काढणारी त्यातली एन्झाइमं लोकरीचं प्रथिनच खातात. गार पाण्यात झाकणभर ईझी (लोकरीसाठीचा पातळ साबण), पाच मिनिटं भिजवणं, हलक्या हाताने दाबणं, बस. पिळायचा नाही; कोरड्या पंच्यात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत खाटेवर पसरायचा. दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनाने लांबतो. उन्हाळ्यात ठेवताना न धुता ठेवू नका, कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. हँगरला टांगू नका, घडी घाला.

आता मापं. अंगावर घेण्यापेक्षा सोपं म्हणजे, सध्या नीट बसणारा जुना स्वेटर गादीवर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजून दुप्पट करा. मग खांद्याच्या शिवणीपासून मनगटापर्यंत बाही, आणि मागे मानेपासून खालच्या काठापर्यंत लांबी. बाबा, शर्टावरून घालणार असाल तर अंगावर मोजलेल्या छातीच्या घेरापेक्षा स्वेटर ४ इंच मोठा हवा. आई, तुला ब्लाउजवरून ३ इंच पुरतील. बाबांचा फिरायचा आणि आईचा बिनबाह्यांचा, हे दोन लोकरीचे मी इथून मागवते, म्हणून मापं मेसेजने कळवा. बाकीचे दोन स्टॉलवरून आणताना तीच मापं कागदावर लिहून सोबत न्या, आणि टेपही.

तुमची,
लेक