टोल फ्रीवाल्या ताई, मनापासून थँक्यू!

ताई, नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचे होते.

ऑफिस हलवायचं ठरलं आणि आमच्याकडे सगळ्यांना एकच धास्ती, टोल फ्री नंबरचं काय होणार, कारण बिलांवर, बॉक्सवर, जाहिरातीत सगळीकडे तोच छापलेला. जो तो सांगत होता जुन्या लाइनवर फॉरवर्ड लावून टाका. तुम्ही म्हणालात, अहो टोल फ्री नंबर म्हणजे लाइन नसतेच, कॉल आला की नेटवर्क आधी डेटाबेसमध्ये बघतं की हा सध्या कुठल्या साध्या नंबरवर सोडायचाय, तर तो मागचा नंबरच बदला ना! फॉरवर्ड लावलं असतं तर टोल फ्रीच्या मिनिटांचे पैसे वेगळे, फॉरवर्डचे वेगळे, आणि वर जुनी लाइन कायम चालू ठेवायची.

पण खरं थँक्यू व्हॉइसमेलसाठी (फोन लागला नाही की निरोप रेकॉर्ड करून घेणारी सोय). संध्याकाळनंतरचे कॉल एकाच्या मोबाइलवर, त्याने नाही उचलला तर दुसऱ्याच्या, असं लावलं होतं आणि दुसऱ्याचा फोन काही केल्या वाजेना. तुम्ही कॉल लॉग उघडायला लावलात, तिथे सगळे कॉल 'आन्सर्ड'! पहिला मोबाइल बंद असला की त्याचा व्हॉइसमेल कॉल उचलायचा, सिस्टमच्या लेखी कॉल उचलला गेला, मग ती पुढे कशाला पाठवेल? (आणि त्या मिनिटांचे पैसे आपलेच.) मग 'कॉल घ्यायला १ दाबा' हे चालू केलंत, आता माणसाने १ दाबल्याशिवाय कॉल उचललेला धरतच नाही. सेटिंग बघायला गेलं तर एवढंसं, पण ते कोणी सांगितलं असतं हो आम्हाला?

कंपनी बदलली तर नंबर सोबत नेता येतो का, हे आधीच विचारून ठेवा हेही तुम्हीच बजावलंत. अमेरिकेत १९९३ पासून नेता येतो पण सगळीकडे तोच नियम असेल असं धरून चालू नका म्हणालात, आणि नंबर आपल्याच नावावर आहे ना हे कागदावर बघायला लावलंत.

सुट्ट्यांचं वेळापत्रक टाकलंय, बाहेरच्या फोनवरून टेस्टही केलंय, लँडलाइन आणि मोबाइल दोन्हीवरून, तुम्ही सांगितलं होतं तसं. आता दोन भाषांचा मेनू लावायचाय, तेव्हा परत त्रास देणार आहे, आधीच सांगून ठेवते :)