लालभडक रक्त आणि लॅक्टेटचा आकडा

चि. वैष्णवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बायपासच्या वेळी तुला आता पंपाजवळ, म्हणजे हृदय-फुप्फुसाचे काम करणाऱ्या यंत्राजवळ, बसू देतात, हे वाचून फार समाधान वाटले. रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या ऑक्सिजनेटरमधून येणारे रक्त लालभडक असते, सॅच्युरेशन 100 टक्के दिसते, तरीही सर लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) पुन्हा पुन्हा का तपासायला लावतात, असे तू विचारले आहेस. फोनवर हे अर्धवट राहिले असते, म्हणून लिहितो.

धमनीतले सॅच्युरेशन इतकेच सांगते की रक्तात जेवढे हिमोग्लोबिन आहे ते ऑक्सिजनने भरलेले आहे. ते मुळात किती आहे आणि मिनिटाला किती रक्त फिरते आहे, याबद्दल तो आकडा गप्प असतो. जायकवाडीचे पाणी पैठणला कितीही नितळ दिसले, तरी परभणीकडच्या टेलच्या शेतकऱ्याला कालव्यात किती सुटले हेच विचारावे लागते.

आपल्या भागात हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे. ऊसतोडीला जाणारी, जेमतेम 45 किलो वजनाची, आधीच अंगात रक्त कमी असलेली बाई टेबलावर येते, तेव्हा प्रायमिंगचे, म्हणजे पंपाच्या नळ्यांत आधीच भरून ठेवलेले, सव्वा लिटर द्रव तिच्या तीनेक लिटर रक्तात मिसळते आणि हिमोग्लोबिन 100 मिलिलिटर रक्तामागे 10 ग्रॅमवरून 7 वर येते. 1 ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. म्हणजे प्रवाह शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला 2.4 लिटर ठेवला, तर रक्तात विरघळलेला थोडा ऑक्सिजन धरूनही तिला दर चौरस मीटरला मिनिटाला जेमतेम 240 मिलिलिटर ऑक्सिजन पोहोचतो. 270-280 च्या खाली मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. अशा वेळी प्रवाह 2.8 पर्यंत नेता येतो का, हे आधी पाहावे. रक्त द्यायचे की नाही, हे भूलतज्ज्ञांशी बोलून ठरवावे. प्रायमिंग कमीत कमी ठेवण्याचा विचार मात्र पंप सुरू होण्यापूर्वीच झालेला असावा.

शिरेतून परतणाऱ्या रक्ताचे सॅच्युरेशन 70 च्या वर असले की नवशिक्याला हायसे वाटते. पण शरीर थंड केलेले असताना पेशींची मागणीच घटलेली असते, त्यामुळे तो आकडा चांगला दिसणारच, आणि सगळ्या शरीराची सरासरी असल्याने एखाद्या अवयवाची उपासमार त्यात झाकली जाते. लॅक्टेट ती उपासमार दाखवते, पण उशिरा. ते लिटरला 2 मिलिमोलच्या आत असावे. मात्र एका आकड्यापेक्षा दर अर्ध्या तासाला तो कोणीकडे सरकतो आहे, हे मी अधिक मोलाचे मानतो. अ‍ॅड्रेनॅलिन चालू असेल तर केवळ त्यानेही लॅक्टेट चढते, म्हणून ग्लुकोज आणि औषधांची नोंद शेजारीच ठेव.

सर्वांत जपायचे ते रिवॉर्मिंगच्या, म्हणजे थंड केलेले शरीर पुन्हा गरम करण्याच्या, वेळी. ऊब येताच मागणी झपाट्याने वाढते, आणि पुरवठा तोकडा असेल तर तो इथेच उघडा पडतो. तेव्हा नमुन्याच्या ठरल्या वेळेची वाट पाहू नकोस. तापमान वर सरकू लागताच एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू-तपासणी, लॅक्टेटसह) पाठव आणि आलेला आकडा सर्जनना स्पष्ट ऐकू जाईल असा सांग.

तुझे,
बाबा