नुसते ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ पुरेसे नाही

महोदय,

पावसाळा आला की डेंग्यूचे रिपोर्ट हातात धरून घाबरलेले पालक आमच्या लॅबच्या खिडकीशी येतात. कित्येकांच्या कागदावर फक्त ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ असते. आयजीजी ही संसर्गानंतर शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे; ती जुन्या संसर्गाचीही असू शकतात; पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (डेंग्यू विषाणूचे प्रथिन), नंतर आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडे) पाहावे लागते. आयजीजीच्या एलायझात, म्हणजे रंगावरून प्रतिपिंडे ओळखणाऱ्या चाचणीत, मानवी आयजीजी ओळखणारे, पेरॉक्सिडेज हे एन्झाइम जोडलेले दुय्यम प्रतिपिंड वापरतात. टीएमबी हे रंग देणारे रसायन घातले की निळा रंग, आम्लानंतर पिवळा, मग ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर मोजणी. हे एन्झाइम जोडलेले प्रतिपिंड (कॉन्जुगेट) २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिले नाही तर रंग फिका येतो, पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह दिसू शकतो. तालुक्याच्या लॅबना फ्रिजसाठी अखंड वीज द्या, आणि चाचणी कोणती, प्रतिपिंड कोणते, हे रिपोर्टवर मराठीत छापणे सक्तीचे करा.

– एक लॅब टेक्निशियन, मिरज