आईचा पाय

प्रिय वंदे,

तब्येती ठीक, माझा गुडघा आहे तसाच, ते सोड. फोनवर सांगायला गेले तर रडेन म्हणून लिहितेय, आणि तुमच्या आप्पांच्या पायाचं तू सगळं काढलंयस म्हणून तुलाच.

आईचा उजवा पाय भाजला गं, गरम पाण्याने. निफाडला पारा उतरला की आमच्या इंदिरानगरात पण हुडहुडी भरते, तर बाई टबात सोलरचं कढत पाणी घेऊन पाय सोडून बसल्या. शुगरमुळे तळव्यांना काही कळतच नाही तिच्या! बाहेर आली तर घोट्यापर्यंत लालबुंद, वर फोड, आणि मलाच म्हणते, कशाला ओरडतेस, दुखत नाहीये. ते ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

शेजारच्या काकू टूथपेस्ट आणि हळद घेऊन हजर. त्यांना हात जोडले, जोडवी सूज यायच्या आत काढली आणि पाय नळाच्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरला. बर्फ नाही, काही फासलं नाही, फोड फोडला नाही, स्वच्छ सुती कापड टाकून तडक डॉक्टरकडे. आता रोज ड्रेसिंग, आणि जखम चिघळू नये म्हणून जीव टांगणीला.

६० अंशाच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पण पाचेक सेकंदात भाजते, आणि सोलरचं पाणी कडक उन्हात त्याच्याही वर जातं. प्लंबरला सांगितलंय, बाथरूमच्या लाइनवर थर्मोस्टॅटवाला मिक्सिंग व्हॉल्व्ह बसव, म्हणजे गार-गरम आपोआप मिसळून नळाला बेताचंच गरम पाणी येईल. दादा म्हणतो, पाणी चटका देत नसेल तर आंघोळ कसली! तो लहानपणापासून असलाच, खर्चाचं नाव काढलं की तत्त्वज्ञान सुरू.

रविवार कारंज्याच्या वाड्यात बंबाच्या पहिल्या बादलीवरून तू माझ्या झिंज्या उपटायचीस, आठवतं? (पहिला नंबर माझाच असायचा, अजूनही सांगते.) तेव्हा तुझी आजी ओरडायची, कार्ट्यांनो, आधी गार ओता, मग कढत! म्हातारीचं अगदी बरोबर होतं, बादलीत नुसतं कढत पाणी एक क्षणही असता कामा नये, पोर कधी हात घालेल सांगता येत नाही.

पझेशन मिळालं का? भावजी कसे आहेत? पिंकी बाळंतपणाला येतेय ना, मग मालिशवाल्या बाईंवर सोडू नकोस, त्यांना पाणी कढतच लागतं. बाळाला ३७-३८ अंश पुरे, हाताला सवय असते म्हणून कोपर घालून बघायचं. तुमचा गीझर ५० च्या वर असेल तर आजच खाली आण आणि मला मेसेज कर.

तुझी,
मंगी