तिसरीच्या वर्गाकडून मनःपूर्वक आभार

३ जानेवारी रोजी, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीदिनी, आमच्या जिल्हा परिषद शाळेतील तिसरीच्या मुलांनी पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ साली सुरू झालेल्या मुलींच्या शाळेविषयीचा उतारा ग्रामस्थांसमोर वाचला. जूनमध्ये जोडाक्षरांपाशी अडखळणारी मुलेही तो न थांबता वाचून गेली. रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता मुलांचे वाचन ऐकणाऱ्या मातांचे हे श्रेय आहे, असे मी मनापासून मानते. दिवाळीच्या सुट्टीतही परसबागेतील मेथीला पाणी घालणाऱ्या आजोबांचे आम्ही ऋणी आहोत. व्हरांड्यात गोष्टींच्या पुस्तकांचा गठ्ठा नाव न सांगता ठेवून गेलेल्या व्यक्तीस विशेष धन्यवाद. त्या पुस्तकांचे कोपरे आता हाताळून मऊ झाले आहेत.