हात सुटला तो क्षण

बीबीसीची २०१४ सालची ‘द मिसिंग’ ही आठ भागांची मालिका नुकतीच पाहून संपवली. घरात आमचे दोन तट पडले. शेवट फसवा, इतके तास बसून हाती काय लागलं, असं एका बाजूचं म्हणणं. मी दुसऱ्या बाजूला.

सन २००६. फ्रान्समधलं काल्पनिक गाव. फुटबॉल विश्वचषकाचा सामना चालू, टीव्हीभोवती गर्दी, जल्लोष. त्या रेटारेटीत पाच वर्षांच्या ऑलिव्हरचा हात बापाच्या हातातून सुटतो आणि पोरगा बेपत्ता होतो. बस, एवढंच. पुढे कथा २००६ आणि २०१४ अशी मागेपुढे झुलत राहते, आणि सुरुवातीला ते खरंच डोक्यावरून जातं. मी तर बापाच्या दाढीवरून साल ओळखत होतो!

जेम्स नेस्बिटने उभा केलेला हा बाप काही वेळा नकोसा होतो. हट्टी, आततायी. फ्रान्सिस ओ’कॉनरची आई नव्याने संसार मांडते, म्हणून तिला ‘निर्दयी’ ठरवणारे आमच्याच घरात निघाले. बाप वेडा झाला तर ते प्रेम आणि आई सावरली तर तो अपराध, हा कुठला न्याय?

मुलाचा मृतदेह सापडत नाही, म्हणून त्याचं काय झालं याचं उत्तर मिळूनही बापाचा त्यावर विश्वास बसत नाही. शेवटी तो रशियातल्या बर्फात एका परक्या मुलाकडे आशेने पाहत उभा राहतो. ज्यांना हा शेवट अर्धवट वाटला, त्यांनी त्या बापाचा चेहरा पुन्हा एकदा बघावा.

— एक प्रेक्षक